तीस किलोचं आयर्लंड

शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत प्रीतीला सल्ला दिला नाही असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे भंगारवाला गणपतराव.

प्रीती ही दादासो कांबळ्यांची थोरली. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नर्स. पाच वर्षं पाळ्या केल्या, इंग्रजीचा क्लास लावला, दोनदा परीक्षा दिली, आणि दोन हजार पाच सालच्या जानेवारीत तिला आयर्लंडच्या इस्पितळाचं पत्र आलं. सोमवारी दुपारचं विमान, बुधवारी हजर. बुधवारी हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार, असं पत्राच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते बारीक अक्षर दादासोंनी गल्लीत प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

परदेशी निघालेली गल्लीतली पहिलीच पोरगी. मग जो तो तिला शहाणी करायच्या मागं लागला.

सगळ्यात पुढं बाळासो वेल्डर. हा दोन वर्षं दुबईला राहून आलेला, त्यामुळं दुबईच्या पलीकडचं सगळं जगही त्याच्याच अखत्यारीत.

"उनाचा तडाखा लई असतोय," तो म्हणाला. "कापडं सगळी सुती ने. आन् डोक्याला पांढरं फडकं."

"काका, आयर्लंड थंड हाय. बारा म्हैने गारठा."

"मलाबी आदी तसंच सांगिटलंतं."

तालमीतल्या कृष्णातला कुस्ती सोडून सहा वर्षं झाली होती, पण कान आणि आवाज अजून पैलवानाचेच होते. तो म्हणाला, "कोण आडवा आला तर बोलत बसू नको. पाय धरून सरळ पट काढायचा." कोपऱ्यावरचे किराणावाले जिनपाल शेठ म्हणाले, तिकडं शाकाहारी मागितलं की मासा देतात. प्रीती म्हणाली, शेठ, मी मासे खाते. "खा की," शेठ म्हणाले, "पण विचारून खा." गणपतरावाच्या बायकोनं, हौसाक्कानं, तर दारात गाठून सांगितलं, "कोण गोरी बाई च्या घे म्हणली तर लगी घ्यायचा न्हाय. तीनदा म्हणू दे. हावरट दिसतंय."

"काकू, तिकडं एकदाच इचारत्यात."

"मग प्यायचा न्हाय."

गणपतराव मात्र गप्प. त्याचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास मिरजेचा, तोही दाढ काढायला. तो कुठल्या तोंडानं सांगणार? संध्याकाळी कांबळ्यांच्या कट्ट्यावर सगळे बोलत बसायचे आणि हा कडेला बसून सुपारी कातरायचा. बावीस वर्षं धंदा केलेला माणूस, पण त्या कट्ट्यावर त्याची किंमत रिकाम्या पोत्याएवढी झाली होती.

गुरुवारी त्याचा दिवस आला. बोलणं वजनावर आलं होतं.

"तीस किलोच्या वर एक चमचा चालत न्हाय," बाळासो म्हणाला. "कोडोलीचा एकजण गेलता. वजन जादा भरलं. बॅग तितंच फरशीवर उघडाय लावली. लोणच्याची बरणी फुटली, मागं रांग खोळंबली, ह्यो आपला फरशी पुसतोय आन् तिकडं इमान उडालं. घरच्यांस्नी आत सोडत न्हाईत. भाईरनं काचंतनं बगायचं नुसतं."

दादासोंचा चेहरा उतरला. प्रीती म्हणाली, "आमच्या दवाखान्यातल्या काट्यावर बघूया की."

"भरली बॅग आजाऱ्याच्या काट्यावर?" तिची आई आक्काताई म्हणाली. "सुखानं चाललीयास न्हवं?"

"जिनपाल शेठचा नवा काटा हाय. आकडे लागतात लाल," कुणीतरी म्हणालं. त्यावर सगळे हसले. जिनपाल शेठसुद्धा कसनुसं हसले. कारण शेठचा काटा खोटा आहे हे पेठेला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं ते गणपतरावाच्या काट्यामुळं.

तेव्हा गणपतरावानं अडकित्ता खिशात घातला, उभा राहिला आणि म्हणाला, "वजन माझ्याकडं."

त्याचा काटा म्हणजे गल्लीचं हायकोर्ट होतं. दुकानाच्या दारात भक्कम लोखंडी पाट, त्याच्यावर माणूस आरामात उभा राहील. शेजारी उभा खांब, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं पितळी वजन. गॅसची टाकी आली की आधी गणपतरावाच्या काट्यावर. कमी भरली की गॅसवाल्याला शिव्या. दिवाळीला जिनपाल शेठकडनं दहा किलो साखर आणली की गणपतरावाच्या काट्यावर. नऊ भरली की शेठच्या दारात जाऊन, "काय शेठ, आमीच गावलो व्हय?" कृष्णात दर रविवारी आंघोळीनंतर टॉवेलवर येऊन त्याच्यावर उभा राहायचा आणि मोठ्यानं शहात्तर म्हणून जायचा. बायका शनिवारी दुपारी, दुकानात वर्दळ नसताना, एकेक करून यायच्या.

शुक्रवारी सकाळी बॅग आली तेव्हा गल्लीत चाळीसभर माणसं होती. काट्यापुढं नारळ फुटला. गणपतरावानं धुतलेला सदरा घातला होता. त्यानं बॅग पाटावर ठेवली, पितळी वजन एका बोटानं सरकवत नेलं. दांडी डुलली आणि थांबली.

"सव्वीस."

"म्हंजे चार किलो जागा हाय की अजून," आक्काताई म्हणाली.

एवढं ऐकायचा अवकाश. ज्या बायका दोन दिवस मन मारून बसल्या होत्या त्या घराकडं पळाल्या. कांदा-लसूण चटणीचे डबे निघाले. आपल्याकडं चटणी म्हणजे नुसती चटणी नव्हे, ती त्या घराची अब्रू असते. एकीची घेतली आणि दुसरीची ठेवली तर दोन घरांचं येणंजाणं बंद होतं. म्हणून प्रीतीनं एकही न घेता सुटायचं ठरवलं होतं. आता चार किलो जागा आहे म्हटल्यावर कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? अकरा घरची अकरा पुडकी आली.

गणपतराव कौतुकानं बघत उभा होता. आज सगळे त्याला विचारत होते, "मालक, हे बसंल का?" आणि तो मान हलवून "बसंल की" म्हणत होता. कुणीतरी चहा दिला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला, आणि तो घोट तिथंच थांबला.

त्याला शिसं आठवलं.

दुकान काढलं त्या वर्षी त्यानं त्या पितळी वजनाच्या पोटात स्वतःच्या हातानं शिसं ओतलं होतं. वजन जड झालं की दांडीवर थोडंच सरकवावं लागतं आणि माल हलका दिसतो. दहा किलो रद्दी आणली तर काटा म्हणणार नऊ. त्या वेळी हे सगळेच करतात असं त्याला कुणी सांगितलं होतं. पण बावीस वर्षांत इतक्या लोकांनी त्या काट्यावर इतका भरवसा ठेवला, की हळूहळू तो गणपतरावाला स्वतःलाही खरा वाटायला लागला होता. जिनपाल शेठची साखर कमी भरली की तोही मनापासून हळहळायचा.

म्हणजे सव्वीस दिसली ती बॅग एकोणतीसच्या घरात होती. आणि ती माणसं तिच्यात आणखी चार किलो घालत होती.

संध्याकाळपर्यंत काट्यावर बरोबर तीस झाले. खरे तेहतीस. गणपतरावाला जेवण गेलं नाही. डोळ्यापुढं एकच चित्र: काचेच्या आड प्रीती फरशीवर बसलीय, चटणी सांडलीय, आणि बुधवारी तिच्या जागेवर यादीतली पुढची मुलगी हजर झालीय. खरं सांगावं तर बावीस वर्षांचं नाव जाणार. ज्या पेठेत फुटबॉलच्या एका गोलवरनं महिनाभर हाणामाऱ्या होतात, तिथं हे ऐकून लोक काय करतील, हा विचार त्यानं अर्ध्यातच सोडला.

त्यानं ठरवलं, न सांगता वजन उतरवायचं.

शनिवारी सकाळी तो कांबळ्यांच्या कट्ट्यावर गेला आणि आयुष्यातला पहिला परदेशी सल्ला दिला. "पेपरात वाचलंय. तितं इमानतळावर कुत्री असत्यात. चटणीचा वास आला की धरत्यात."

सगळे गंभीर झाले. गणपतरावाला वाटलं, जमलं. मग हौसाक्का म्हणाली, "वास आला तर धरत्यात न्हवं? मग वासच येऊ द्यायचा न्हाय." अकरा पुडक्यांना तीन तीन प्लॅस्टिक पिशव्या चढल्या, त्यावर चिकटपट्टी, आणि वर आक्काताईनं तिच्या लग्नातला स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा काढला. वजन पाव किलोनं वाढलं.

गणपतरावानं दुसरा डाव टाकला. "इमान वर गेलं की वजन वाढतंय म्हणं. हितं तीस भरलं तर वर तेत्तीस हुतंय. म्हणून तीन किलो कमीच ठेवत्यात शाणी माणसं."

"उलटं," बाळासो म्हणाला. "वर हवा पातळ. वजन कमी हुतंय. दुबईला जाताना माझं पोट हलकं झालंतं, मला याद हाय की."

"कमी हुतंय?" आक्काताई म्हणाली. "मग जिनपाल शेठचं पापड ऱ्हायल्यात बगा."

"आई, बास की," प्रीती म्हणाली. "वजन जमिनीवरच करतात."

"आगं जमिनीवर तीसच हाय की. आन् वर गेल्यावर पुन्हा कमी." पापड आत गेले.

प्रीतीनं गणपतरावाकडं बघितलं. "काका, तुमाला काय हुतंय? घाम का आलाय?"

"ऊन," गणपतराव म्हणाला. कट्टा सावलीत होता.

दुपारी त्यानं दुकानाचं दार निम्मं ओढलं आणि शेवटचा उपाय केला. पितळी वजनाच्या बुडाचा स्क्रू काढला, छिन्नीनं शिसं उकरलं आणि भंगाराच्या ढिगात फेकलं. बावीस वर्षांनी काटा खरा झाला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं स्वतःच पाटावर उभं राहून बघितलं, आणि आकडा बघून लगेच उतरला. आता काही सांगायला नको. बॅग आणू देत. काटाच सांगेल चौतीस. बाकीचं लोकच बघतील.

चार वाजता त्यानं स्वतःच हाक घातली, "जाण्याआदी एकदा बगून घिऊया की."

बॅग आली. दांडी डुलली. कृष्णातनं पुढं वाकून वाचलं, "चौतीस?"

गल्ली थबकली. काल तीस, त्यात डबा आणि पापड, म्हणजे एकतीस. वरचे तीन कुठनं आले? आक्काताईनं जावेकडं बघितलं. जाऊ म्हणाली, "माझ्याकडं काय बगतीयास? मी काय दगड घातलं?" बॅग उघडली, सगळं काढलं, दगड निघाला नाही, पुन्हा भरली. चौतीस.

"सरका," कृष्णात म्हणाला आणि स्वतः पाटावर चढला. "मी म्हंजे शहात्तर. माझ्यात काय फरक न्हाय." गणपतरावाचं बोट वजन सरकवत गेलं, सरकवत गेलं. शहात्तर मागं पडलं, ऐंशी मागं पडलं. दांडी चौऱ्याऐंशीला थांबली.

सगळे कृष्णाताकडं बघत राहिले. कृष्णात काट्याकडं.

"काटा गेला," तो म्हणाला.

"गेला," बाळासो म्हणाला. "मला आवाजच येगळा वाटलाता."

"गेला न्हाय," गणपतराव म्हणाला. "आत्ताच खरं दावतोय. आयकून तर घ्या."

"मालक, तुमी मनाला लावून घिऊ नका. जुनं मशीन हाय, हुतंय असं. माझ्याकडं द्या."

गणपतराव आडवा आला, पण बाळासोला तो काट्याच्या मायेनं आडवा येतोय असं वाटलं आणि त्यानं अजून हळुवारपणे काम केलं. कृष्णाताला पाटावरच उभा ठेवला. पितळी वजनाला तारेनं एक नट बांधला. ऐंशी. दुसरा नट बांधला. अठ्ठ्याहत्तर. मग एक वायसर. दांडी शहात्तरला येऊन गुमान थांबली.

"बसला काट्यावर," बाळासो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅग ठेवली, एकतीस भरली. आक्काताईनं पापड तेवढे काढले आणि तीस झाले. बावीस वर्षांपूर्वी गणपतरावानं गुपचूप केलेलं काम आता अख्ख्या गल्लीनं भर दुपारी, एकमतानं, मोफत करून दिलं होतं.

गणपतराव पोत्यांवर बसला. हौसाक्का जवळ आली. "एवढं काय त्यात. झाला की दुरुस्त."

"व्हय," गणपतराव म्हणाला. "झाला."

रविवारी दुपारी तीनला तालमीत सत्कार होता. पाचला सुमो निघणार होती, मुंबईला. तालमीच्या दारात फ्लेक्स लागला होता. त्यावर तालमीचे अध्यक्ष आकाराम यांचा गॉगल घातलेला मोठा फोटो, त्याच्याखाली चौदा शुभेच्छुकांचे चौदा फोटो आणि कोपऱ्यात, पासपोर्टवरचा, प्रीतीचा. स्टेजवर तिच्या डोक्याला फेटा बांधला. आकारामांनी भाषण केलं आणि तालमीच्या वतीनं पितळेची गदा भेट दिली. दोन किलो तरी असेल.

"ही बॅगंत घालूनच जायाचं," आकाराम माइकवरनं म्हणाले. "तितल्या लोकांस्नी कळू दे कुटनं आलीया."

कृष्णात गदा घेऊन बॅगेकडं निघाला. सुमोच्या टपावर चढवायची बॅग स्टेजच्या पायथ्यालाच होती. त्यानं चेन ओढली, गदा आत रेटली, गुडघा लावून चेन बंद केली. गणपतराव पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात बेरीज करत होता. तेहतीस आणि दोन. पस्तीस.

"आता आपल्या काट्याचे मालक गणपतराव दोन शब्द बोलतील," आकाराम म्हणाले.

तो माइकपुढं उभा राहिला. समोर अख्खी गल्ली. प्रीती फेट्यात अवघडून बसलेली, हातातल्या पाकिटात ते पत्र. तिनं त्याच्याकडं बघून जरा हसून मान हलवली, बोला की काका, अशी.

"माझ्या काट्यात शिसं हुतं," गणपतराव म्हणाला.

टाळ्या पडल्या. माइकचा आवाज फाटका होता आणि त्या तालमीत कुणी काहीही बोललं की टाळ्या पडत.

"टाळ्या काय वाजवताय," तो म्हणाला. "खोटा हाय म्हणतोय काटा. बावीस वर्षं खोटा. दहाचं नऊ दावतोय. काल मी शिसं काढलं, खरा केला, तर तुमी नट बांधून पुन्हा खोटा केला. त्या बॅगंत तीस न्हाईत. गदा धरून पस्तीस हाईत. ती पोरगी तितं फरशीवर बसंल. बास. एवढंच."

तो खाली उतरायला लागला, पण पायरीवरच थांबला, कारण पुढची माणसं उठून पायरीपर्यंत आली होती. त्याला वाटलं होतं, आता रद्दीचे, पत्र्याचे, डब्याबाटल्यांचे हिशेब निघतील. पण भंगाराचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"म्हंजे गॅसवाला खरा हुता?" आक्काताई म्हणाली. "त्येला मी दारातनं हाकललाय तीनदा."

"सांगलीत," कृष्णात हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचा हळू आवाज पेठेनं पहिल्यांदाच ऐकला. "सांगलीत मला वजनात बाद केलंतं. मी त्या पंचाची कॉलर धरलीती. तुमचा काटा खोटा म्हणून."

"आमी टरक भरून गेलतो घोषणा द्यायला," बाळासो म्हणाला.

मागनं बायकांच्या बाजूनं एकच आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. "म्हंजे मी साठ न्हाय?" बऱ्याच जणींनी पदर सारखे केले.

सगळ्यात शेवटी जिनपाल शेठ उठले. "दर दिवाळीला," ते म्हणाले, "परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी वर एक किलो, म्हणजे दहाच्या जागी अकरा किलो साखर घालत होतो. तुमच्या काट्यावर बरोबर भरावी म्हणून. नवा काटा घेतला, तो तपासून आणला दोनदा. तरी तुम्ही मला हसायचा. आणि मी घरी जाऊन बायकोला, त्रिशलाला विचारायचो, अगं, माझंच काही चुकतंय का?"

कृष्णात बाह्या वर करत स्टेजकडं निघाला. तेवढ्यात प्रीती उभी राहिली. तिनं फेटा काढून आकारामांच्या मांडीवर ठेवला.

"माराय नंतर लई वेळ हाय," ती म्हणाली. "साडेतीन वाजल्यात. शेठ, तुमचा काटा आणा. आन् बॅग उघडा कोण तरी."

लाल आकड्यांचा काटा आला. पस्तीस पूर्णांक दोन. बॅग उघडली. आणि मग कुणीच हात लावेना. पाच किलो काढायचे म्हणजे कुणाचं काढायचं? आकाराम गदेजवळच उभे होते. अकरा जणी अकरा बाजूंनी डब्याकडं बघत होत्या. प्रीतीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. आईबाप याच गल्लीत राहणार होते. तिनं एकीची चटणी काढली असती तर पुढची दहा वर्षं आक्काताईला नळावर एकटीनं उभं राहावं लागलं असतं.

प्रीतीनं गणपतरावाकडं बघितलं. "काका, तुमी काढा."

"मी?"

"तुमच्यावर आता आणि काय राग धरणार हाईत?"

हे मात्र खरं होतं. गणपतरावाला ते ऐकून इतकं मोकळं वाटलं की तो मांडी घालून बॅगेपुढं बसलाच. त्यानं पहिल्यांदा गदा काढली.

"ओ, ती तालमीची हाय," आकाराम म्हणाले.

"मग तालमीत ठेवा." त्यानं ती त्यांच्या हातात दिली. मग बाळासोनं दिलेलं डोक्याचं पांढरं फडकं, उन्हाची टोपी आणि पाण्याची थर्मासची मोठी बाटली. मग हौसाक्कानं गुपचूप कोपऱ्यात सारलेला खलबत्ता, लोखंडी. गणपतरावानं बायकोकडं बघितलं. "आलं कुटायला," ती म्हणाली. खलबत्ता बाहेर आला. आक्काताईनं ठेवलेली बुद्धाची लहान मूर्ती त्यानं दोन्ही हातांनी उचलली, स्वेटरात गुंडाळली आणि होती तिथंच परत ठेवली.

काटा म्हणाला एकतीस पूर्णांक तीन.

राहिला चटणीचा डबा. गणपतरावानं झाकण काढलं, चिकटपट्ट्या फाडल्या, आणि शेजारी पडलेली तालमीतली परात ओढून पहिलं पुडकं तिच्यात रिकामं केलं. मग दुसरं. मग तिसरं.

बायकांच्यातनं असा आवाज आला की जणू कुणाचं लेकरू विहिरीत पडलं.

"आरं ती माझी हाय, ती भाजून केलेली, तिच्यात ती कच्च्या लसणाची..."

"सगळी एकात करतोय," गणपतराव म्हणाला, दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घालून. "एक किलो जातंय तिच्यासंगं. सगळ्यांची जातीया. कुणाची जादा न्हाय, कुणाची कमी न्हाय. आन् ह्यावर कोण भांडणार असंल तर माझ्याशी भांडा. आज मी हायच."

अकरा जणींनी एकमेकींकडं बघितलं. दुसरीची गेली नाही आणि आपलीच गेली, असं कुणालाच म्हणता येईना. दुसरीची गेली आणि आपली राहिली, असंही होईना. आक्काताईनं वाकून चिमूटभर जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "भर."

डबा परत गेला, लग्नातला असूनही. एक किलो चटणी एका पिशवीत बांधून बॅगेत गेली. जिनपाल शेठनं स्वतः बॅग काट्यावर ठेवली. लाल आकडे पळाले आणि थांबले. एकोणतीस पूर्णांक चार. शेठनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदा बॅगेसाठी होतं, पुढचं दोनदा स्वतःसाठी.

पाचला सुमोचा हॉर्न वाजला. प्रीती सगळ्यांच्या पाया पडली. गणपतरावाजवळ आल्यावर त्यानं हात मागं घेतले, ते चटणीनं लाल होते.

"काका, सगळ्यांनी काय काय सांगिटलं. तुमी काय सांगितलंच न्हाय."

गणपतरावानं विचार केला. "तितला काटा जादा दावाय लागला," तो म्हणाला, "तर लगी भांडू नको. आदी आपलं बघ. आन् च्या पयल्यांदा इचारला की घे. काकूचं आयकू नको."

सुमो हलली. दादासो पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं प्रीती आणि आक्काताई. गल्लीतले सगळे हात वर झाले. पोरं कोपऱ्यापर्यंत पळाली. सुमो वळली, धूळ खाली बसली, हॉर्न एकदा लांबनं ऐकू आला आणि थांबला.

मग ते सगळे हात हळूहळू खाली आले. आणि चाळीस माणसं, कुणी कुणाला न सांगता, मागं वळून गणपतरावाकडं बघायला लागली. कृष्णातनं अर्धवट राहिलेली बाही पुन्हा वर सारली. शेठनी चष्मा पुसला आणि डोळ्यावर चढवला. हौसाक्का दोन पावलं लांब सरकली.

गणपतरावानं खाली बघितलं. पायाशी परात होती, तिच्यात दीड किलोच्या वर चटणी, अकरा घरची, एकात एक मिसळलेली. त्यानं ती उचलली आणि पुढं धरली.

"घ्या की जरा," तो म्हणाला. "वजन कुटंबी करा."